मेंदूच्या पेशीवरील वाड्या



मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा बांगडे-तारल्यांबरोबर कधी कधी समुद्रसापही जाळ्यातून येतो. वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा हा प्राणी रापणकरांना नवा नाही. शेपटीला धरून ते त्याला पाण्यात भिरकावून देतात आणि पुन्हा मासळी वेचू लागतात. परगावच्या पाहुण्याच्या अंगावर मात्र शहारे येतात, आणि ते यावेत हेच बरे. कारण या सापाचे विष नागाच्या जातकुळीचे आहे. माणसाला तो चावला तर त्याच्या विषाने स्नायूच झिजू लागतात; पण त्याच विषात दुसराही एक घटक आहे, आणि त्याचा मारा शरीरातील फार लहान अशा एका ठिकाणावर असतो. ते ठिकाण कोणते, ते इतके लहान का, आणि आपल्या मेंदूत जे स्मरण, विचार, भय, आनंद इत्यादी व्यापार चालतात त्यांच्याशी त्याचे नाते काय, हे आज सांगावयाचे आहे. शास्त्रीय भाषेत विषयाचे नाव 'मज्जापेशींच्या पटलावरील ग्राहकांचे समूहन' असे होईल. नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये. नावापेक्षा विषय सोपा आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. त्या एकमेकींशी बोलतात, पण एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये फट असते. ही गोष्ट स्पेनच्या काहाल या शास्त्रज्ञाने आग्रहाने मांडली आणि १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले; गंमत अशी की, पेशींचे एकसंध जाळेच आहे असे म्हणणाऱ्या गोल्जीला तेच पारितोषिक त्याच्याबरोबर विभागून मिळाले! मेंदूतील ही फट सुमारे वीस नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तीन-चार हजाराव्या भागाएवढी, रुंद असते. एका पेशीतून आलेली विजेची लहर या काठावर थांबते. तेथे ती एका रसायनाची चिमूट फटीत सोडते, ते रसायन पलीकडच्या पेशीला लागते, आणि मग पलीकडे नवी लहर उठते किंवा उठू पाहणारी लहर दबते. हे रसायन म्हणजे संदेशद्रव्य. असे द्रव्य खरोखरच असते हे १९२१ साली ऑटो लोव्ही याने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले. एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याने त्याची गती मंद केली, त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले, आणि दुसरेही मंदावले.

आता प्रश्न असा की, पलीकडची पेशी हे द्रव्य ओळखते कशाने? त्यासाठी तिच्या पटलात खास घडणीची प्रथिने बसविलेली असतात. इंग्रजीत त्यांना रिसेप्टर म्हणतात. आपण ग्राहक म्हणू. दुकानातला ग्राहक नव्हे, ग्रहण करणारा तो ग्राहक. संदेशद्रव्याचा रेणू त्याला येऊन बसला की ग्राहकाचा आकार किंचित बदलतो, त्याच्या पोटातील वाट उघडते आणि क्षारांचे भारित कण पेशीच्या आतबाहेर वाहू लागतात. हे सारे हजारांश सेकंदाच्या मापाने घडते.

ही कल्पना प्रथम केंब्रिजच्या लँग्ली याने १९०५ साली मांडली. तेव्हा ग्राहक कोणी पाहिलेला नव्हता. पुढे लँग्लीने बेडकाच्या स्नायूवर तंबाखूतील निकोटीन निरनिराळ्या जागी लावून पाहिले. स्नायू आखडला तो केवळ जेथे मज्जातंतूचे टोक येऊन टेकते त्या जागेजवळ. इतरत्र तेच निकोटीन लावले तर स्नायू ढिम्म. याचा अर्थ ग्रहण करणारा पदार्थ स्नायूभर सारखा पसरलेला नाही. तो ठरावीक जागी गोळा झालेला आहे. आजच्या विषयाचे बीज मला या साध्या निरीक्षणात दिसते.

आपल्या कोकणातील गावांची ठेवण डोळ्यांपुढे आणा. देशावरच्यासारखी एका पांढरीवर सारी घरे दाटलेली नसतात. इकडे एक वाडी, तिकडे दुसरी, मध्ये उघडा कातळाचा सडा. टपालवाला सड्यावर पत्रे टाकीत नाही, तो वाडीत जातो. मज्जापेशीचे पटलही असेच आहे. बहुतेक विस्तार ओसाड, आणि जेथे दुसऱ्या पेशीचे टोक समोर येते तेथे ग्राहकांची दाट वाडी. दाटी किती? मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संधीवर, एक मायक्रॉन लांब आणि तितक्याच रुंद अशा चौकोनात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चौकोनात, सुमारे दहा हजार ग्राहक मोजले गेले आहेत. तेथून थोडे बाजूला सरकले की हीच संख्या हजारपटीने खाली येते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या वस्तू मोजल्या कशा? सापाच्या विषाने. तैवानमध्ये आपल्या मण्यारीच्या जवळच्या नात्यातला एक पट्टेदार साप आहे. तैपेई येथील चांग आणि ली या दोघांनी १९६३ साली त्याच्या विषातून एक घटक वेगळा काढला. त्याला अल्फा-बंगारोटॉक्सिन असे नाव आहे. स्नायूवरील ग्राहकाला तो असा घट्ट बिलगतो की सहजासहजी सुटत नाही. समुद्रसापांच्या विषातील ज्या घटकाचा मी आरंभी उल्लेख केला तोही याच पद्धतीने त्याच ग्राहकाला धरतो. हा घटक किरणोत्सर्गी करून स्नायूवर सोडला म्हणजे जेथे जेथे तो चिकटेल तेथे तेथे ग्राहक आहे असे समजावयाचे. पॅरिसच्या शाँझो याने चांग-ली जोडीतील लींच्या सहकार्याने १९७० साली विजेच्या ईल माशातून, तर लंडनच्या मिलेदी आदींनी १९७१ साली विजेच्या पाखटातून हा ग्राहक याच विषाच्या मदतीने हाती आणला. विजेचा धक्का देणारे पाखट अरबी समुद्रातही आहेत. त्यांचा तो वीज निर्माण करणारा अवयव म्हणजे बदललेला स्नायूच, आणि त्याच्या पेशींच्या एका बाजूवर ग्राहकांची नुसती फरसबंदी असते.

मण्यारीचे नाव निघालेच आहे तर विषय थोडा बाजूला ठेवून चार वाक्ये बोलतो, कारण या जिल्ह्यात ती ऐकण्याची गरज आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, जीभ लटपटते, मग श्वास अडतो. तिच्या विषाचा काही भाग ग्राहक अडवतो आणि काही भाग मज्जातंतूचे टोकच निकामी करतो. विष मेंदूत मात्र शिरत नाही. म्हणून डोळे मिटून निपचित पडलेल्या, बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत अशा रोग्याला, श्वास पुरत असेल तर, भोवतालचे सारे ऐकू येत असते! घरचे रडू लागतात, कोणी 'संपले' म्हणतो, आणि तो ते ऐकत असतो. अशा माणसाला मांत्रिकाकडे नेण्यात घालवलेला तास हा त्याच्या श्वासातून वजा होतो. सर्पदंशावरील लस लवकर मिळाली तर उत्तमच. पण टोके एकदा निकामी झाली की लसही ती परत आणीत नाही. ती नव्याने उगवेपर्यंत कित्येक दिवस यंत्राने श्वास चालू ठेवला तर माणूस उठून घरी जातो. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची आहे. समुद्रसापावर ती बनविलेली नाही. रापणकरांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

असो. ग्राहक एका जागी जमतात हे ठरले. पण त्यांना जमवतो कोण? १९५९ साली स्वीडनमध्ये अ‍ॅक्सेल्सन आणि थेस्लेफ यांनी मांजराच्या स्नायूचा मज्जातंतू तोडून पाहिला. काही दिवसांनी तो स्नायू सर्वांगाने संदेशद्रव्याला दाद देऊ लागला. जे ग्राहक वाडीत होते तसले आता साऱ्या सड्यावर दिसू लागले. यावरून तंतूच्या टोकाकडून स्नायूला काहीतरी सांगावा येत असला पाहिजे, असे अनुमान निघते.

हा सांगावा समजावयाचा तर पेशीचे पटल कशाचे असते ते ध्यानात घेतले पाहिजे. ते भिंतीसारखे घट्ट नाही. ते स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे, तेलासारखे पातळ असते, आणि प्रथिने त्यात तरंगतात. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेले हे चित्र मालवण बंदरातल्या माणसाला दोन वाक्यांत पटावे. भरतीच्या पाण्यात होडी सोडून दिली तर ती जागेवर राहील काय? ती वाहवत जाणारच. होड्या एका ठिकाणी दिसतात, त्याअर्थी त्यांना नांगर आहेत. ग्राहकांनाही नांगर असतात, आणि ते पटलाच्या आतल्या अंगाला, पेशीच्या सांगाड्यात रुतलेले असतात.

स्नायूपुरता हा बंदोबस्त आता बराचसा उलगडला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या मॅकमहन याने विजेच्या पाखटातूनच एक प्रथिन शोधले आणि 'जमविणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याचे नाव अ‍ॅग्रिन ठेवले. मज्जातंतूचे टोक अ‍ॅग्रिन सोडते. स्नायूच्या पटलातील मस्क नावाचे प्रथिन त्याची हाक आत पोहोचवते. आत रॅप्सिन नावाचे प्रथिन ग्राहकांना एकमेकांशी बांधून ठेवते. १९९५ साली रॅप्सिन नसलेले उंदीर निपजवून पाहिले. त्यांच्या स्नायूंत ग्राहक होते, तंतू होते, संदेशद्रव्य होते. नव्हती ती फक्त वाडी. ग्राहक विखुरलेले राहिले आणि पिले जन्मल्यावर काही तासांत श्वासाअभावी मेली. असणे आणि जागेवर असणे यांतील अंतर याहून स्पष्ट कोणी कसे दाखवावे?

माणसातही हे घडते. मायस्थेनिया नावाचा एक रोग आहे. सकाळी माणूस ठीक असतो, संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, घास चावता चावता जबडा थकतो. पुष्कळांना 'आळस' म्हणून बोलणीही खावी लागतात. १९७३ साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी सशांना ईल माशातील शुद्ध ग्राहक टोचले. सशांच्या रक्तात त्यांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली, आणि तीच सशांच्या स्वतःच्या ग्राहकांवर उलटून ससे लुळे पडले. मायस्थेनियाच्या रोग्यांत असेच ग्राहक नाहीसे झालेले असतात. पण काही रोग्यांच्या रक्तात ग्राहकांविरुद्ध काहीच सापडेना. २००१ साली उलगडा झाला की त्यांच्यापैकी पुष्कळांची प्रतिद्रव्ये मस्कवर, म्हणजे वाडी वसविणाऱ्यावर, चालून गेलेली असतात. ग्राहकांना कोणी हात लावलेला नसतो, तरी रोगी दुबळा तो दुबळाच.

आता स्नायू सोडून मेंदूकडे वळू. तेथे संदेशद्रव्ये अनेक, ग्राहकांच्या जाती अनेक, आणि संधिस्थाने अतिशय लहान; पण नियम तोच. त्याचा पहिला चांगला धागा मिळाला तो आपल्या ओळखीच्या एका विषामुळे. काजऱ्याचे झाड आपल्या रानांत आहे. त्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन पोटात गेले तर माणसाला भयंकर आचके येतात, शरीर धनुष्यासारखे वाकते. याचे कारण असे की, पाठीच्या कण्यातील पेशींना आवर घालणारे जे संदेशद्रव्य, ग्लायसीन, त्याच्या ग्राहकांना हे विष अडवते. लगाम सुटला म्हणजे घोडा उधळतो, तसे स्नायू उधळतात. जर्मनीत बेट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्ट्रिक्नीनच्याच आधाराने हा ग्राहक शुद्ध केला. त्याच्याबरोबर एक आगंतुक प्रथिन पुन्हा पुन्हा चिकटून येई. मला वाटते, कमी चिकाटीच्या माणसाने त्याला मळ समजून टाकून दिले असते. ते प्रथिन म्हणजे ग्राहकाचा नांगर निघाला! 'पूल' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला गेफिरिन म्हणतात, कारण ते ग्राहक आणि पेशीचा सांगाडा यांना जोडते. १९९८ साली गेफिरिनविना जन्मलेले उंदीर तपासले, तेव्हा ग्लायसीनचे ग्राहक संधीपाशी जमलेलेच नव्हते, आणि ती पिले एक दिवसही जगली नाहीत.

मेंदूतील चेतविणारा मुख्य दूत मात्र ग्लुटामेट. अजिनोमोटो म्हणून जे बाजारात मिळते त्यातलेच हे द्रव्य. पण खाल्लेले ग्लुटामेट मेंदूत फारसे पोहोचत नाही, तेव्हा गैरसमज नको. ज्या संधीवर ग्लुटामेट उतरते ती सुमारे तीन-चारशे नॅनोमीटर रुंद असते. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती केवळ एक ठिपका दिसते, कारण प्रकाशाच्या लाटेची लांबीच साधारण तेवढी असते. अलीकडे एकेका रेणूला वेगळे चमकवून ही अडचण ओलांडण्याची युक्ती निघाली. त्या युक्तीने फ्रान्समधील बोर्दो येथे शोके यांच्या प्रयोगशाळेत दीपक नायर यांनी पाहिले, आणि २०१३ साली प्रसिद्ध केले, की ठिपक्याच्या आतही ग्राहक सारखे पसरलेले नसतात. सुमारे सत्तर नॅनोमीटरच्या एकेका पुंजक्यात वीसेक ग्राहक, आणि असे मोजके पुंजके. म्हणजे वाडीतही घरांचे वेगळे गट आहेत. नायर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि हेच काम तेथे चालवू लागले.

इतक्या बारकाईचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. उत्तर ग्लुटामेटच्या स्वभावात आहे. त्याची चिमूट सुटली की ती क्षणार्धात विरळ होते, आणि हे ग्राहक काही फार तीक्ष्ण नाकाचे नाहीत. चिमूट सुटते तिच्या समोरचे ग्राहक उघडतात. शंभर-दोनशे नॅनोमीटर दूर असलेल्यांना तिचा वासही लागत नाही. तेव्हा ग्राहक बरोबर समोर हवेत. आणि तसेच असते: २०१६ साली अमेरिकेत ब्लँपीड आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, अलीकडे जेथून द्रव्य सुटते ती जागा आणि पलीकडचा ग्राहकांचा पुंजका एकमेकांच्या नेमके समोरासमोर असतात. त्यामुळे एकही ग्राहक न वाढवता, केवळ असलेल्यांना नीट जागी आणून, संधी बळकट करता येते.

पण होडी नांगरलेली असली म्हणून ती कायमची थोडीच असते? नांगर उचलता येतो. मेंदूतील ग्राहक काही काळ पुंजक्यात थांबतात, सुटतात, पटलावरून तरंगत शेजारच्या संधीकडे जातात, तेथे नांगर टाकतात. स्मरणाचे एक मूळ येथे आहे असे आता मानतात. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखविले होते की, एखाद्या वाटेवरून वेगाने लहरी पाठविल्या तर ती वाट पुढे कित्येक तास अधिक सुलभ राहते. ही सुलभता येते ती बऱ्याच अंशी तेथे जास्त ग्राहक येऊन स्थिरावल्यामुळे. शोके यांच्याच गटाने २०१७ साली याची उलट बाजूने परीक्षा केली. उंदराच्या मेंदूत पटलावरचे ग्राहक त्यांनी एकमेकांशी जखडून टाकले. नेहमीचे बोलणे चालू राहिले. पण वाट सुलभ होईना, आणि भीतीचा धडा उंदीर नीट शिकेनात. ग्राहक होते तेवढेच होते. त्यांचे हिंडणे तेवढे थांबले होते.

शेवटी एका रोगाविषयी सांगतो. त्याची ओळख अमेरिकेत दाल्माउ या डॉक्टरने २००७ साली पटविली. रोगी बहुधा तरुण, आणि त्यांत मुली अधिक. डोकेदुखी, कणकण, आणि मग आठवड्याभरात वागणे पालटते. झोप उडते, नसलेली माणसे दिसतात, असंबद्ध बोलणे सुरू होते; पुढे फेफरे, तोंडाचे विचित्र चाळे, मग मौन आणि ताठरपणा, कधी श्वासही मंदावतो. घरात असे घडले की आपल्याकडे प्रथम 'बाहेरचे' काही आहे का म्हणून विचार होतो, आणि शहरात वेड ठरते. वास्तविक काय असते? ग्लुटामेटच्याच एका जातीच्या, एनएमडीए नावाच्या, ग्राहकांविरुद्ध शरीराने प्रतिद्रव्ये बनविलेली असतात. काही मुलींत त्याला अंडाशयातील गाठ निमित्त झालेली असते. ही प्रतिद्रव्ये ग्राहकांना जोडीजोडीने बांधतात, त्यांची नांगरणी सुटते, ते संधीवरून घसरतात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते. पेशी मरत नाही. वाडी ओस पडते, जमीन तशीच राहते.

पाठीच्या कण्यातील पाणी तपासून हा रोग ओळखता येतो. प्रतिद्रव्ये दाबणारी औषधे आणि गाठ असल्यास तिची शस्त्रक्रिया, हा उपाय. पाचशेहून अधिक रोग्यांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन वर्षांअखेर सुमारे ऐंशी टक्के रोगी चांगले सुधारलेले होते. उपचार जितका लवकर तितका गुण अधिक. तेव्हा पूर्वी ठणठणीत असलेले तरुण माणूस असे एकाएकी पालटले, आणि विशेषतः त्यास फेफरेही आले, तर मज्जातंतूंच्या डॉक्टरला दाखवण्यास दिवस लावू नयेत. प्रयोगशाळेतील पेशींवरून प्रतिद्रव्ये धुऊन काढली तर ग्राहक काही दिवसांत परत आपल्या जागी येतात. माणसाला वेळ जास्त लागतो, आणि क्रम उलटा असतो: जे शेवटी गेले ते आधी परतते. श्वास सुधारतो, मग डोळे उघडतात, मग माणूस सांगितलेले करू लागतो, मग बोलतो. जुना स्वभाव यायला कित्येक महिने लागतात. आजारातल्या दिवसांची आठवण मात्र पुष्कळांना राहत नाही, कारण आठवण नोंदवून ठेवण्यास जे ग्राहक लागतात तेच त्या दिवसांत जागेवर नव्हते.